चुडीवाले जागेश्वर

कोंढ्याच्या बसस्टॉपवर उतरून "चुडीवाले कोठी राहतात?" असं कोणालाही विचारा, तो टिनाच्या एका शेडकडे बोट दाखवेल. नवखा माणूस तिथं बांगड्या शोधत जातो आणि फसतो. आत असतो तेलानं काळाकुट्ट झालेला लेथ, भिंतीला टांगलेले पाने, पायाशी लोखंडाचा कीस, आणि स्टुलावर बसलेला एक गोलमटोल माणूस, जो कपाळावरच चढवलेला चष्मा सगळ्या शेडभर शोधत असतो. हेच जागेश्वर.

आमच्या भागात बोल्टाच्या आट्यांना चुडी म्हणतात. पुण्याकडे आटे म्हणत असतील, म्हणोत बापडे. चुडी गेली की नट नुसता गरगर फिरतो, धरत काही नाही. हँडपंपाची जाते, ट्रॅक्टरची जाते, धानाच्या मशीनची तर ऐन हंगामात जाते. मग माणूस तो तुकडा पिशवीत घालून जागेश्वरकडे येतो, आणि जागेश्वर गेलेली चुडी परत आणतो. तीस-पस्तीस वर्षं त्याचं हेच चाललं आहे, आणि या कामाचा त्याला कधी कंटाळा आल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

या एका शब्दानं त्याचं लग्नही जमवलं बरं का. मध्यस्थ होते पुंडलिकराव. त्यांनी सानगडीला जाऊन कौशल्याच्या आईला सांगितलं, "पोरगा चुडीचं काम करते. दुकान सोताचं हाय." आई हरखून गेली. पोरीचा हात आता जन्मभर भरलेला राहणार! मांडवात मावश्यांनी नवरदेवाला घेरलं. "जवईबापू, काचेच्या ठेवता का लाखेच्या?" जागेश्वरला वाटलं थट्टा करून राहिल्या, म्हणून तोही म्हणाला, "लोखंडाच्या." मावश्या पोट धरून हसल्या. जवई मोठा मजाकी आहे, असं सगळ्या सानगडीत झालं.

लग्नानंतर कौशल्याबाई दुकान बघायला आल्या तेव्हा खरा उजेड पडला. त्या शेडच्या दारात उभ्या राहिल्या, लेथकडे पाहिलं, नवऱ्याच्या काळ्या हातांकडे पाहिलं. रडतात की काय, म्हणून जागेश्वरचा जीव खालीवर. पण बाईंना जे हसू फुटलं, ते आवरता आवरेना. त्या हसण्यावर त्यांचा संसार उभा राहिला म्हटलं तरी चालेल. पोरगी टीना शिकून नागपुरात नोकरीला लागली, घर पक्कं झालं, दोघांची साखर अजून तपासणीत बरी येते. माणसाला आणखी काय पाहिजे?

तर असा हा सुखी जीव. गेल्या दिवाळीत मात्र त्याची झोप उडाली, आणि तीही एका बोटीपायी.

बोट धनीरामची. म्हणजे मासेमारांच्या संस्थेची, पण सगळ्यांच्या मागे लागून ती घ्यायला लावली धनीरामनं, म्हणून लोक त्याचीच म्हणतात. धनीराम आणि जागेश्वर शाळेपासूनचे दोस्त. धनीरामचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं आणि सारे लोक कोंढ्याच्या अलीकडे नव्या गावात येऊन राहिले. जुन्या गावाचा आता एवढा एकच भाग पाण्याबाहेर दिसतो, तो गावदेवी मातामायचा उंचवटा. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दंडार नाचते, दुकानं लागतात. नव्या गावाची मंडई ज्या दिवशी असेल त्या दिवशी सकाळी आधी मातामायला नारळ फोडून यायचं, हा त्यांचा नेम. डोंग्यात, म्हणजे अरुंद लाकडी होडीत, बसून चारदोन बाप्ये जायचे आणि पूजा करून यायचे.

धनीरामच्या मायला, गिरजाबाईला, गाव सोडल्यापासून तिकडे जायला मिळालेलं नव्हतं. हलत्या डोंग्यात म्हाताऱ्या माणसाला कोण बसवणार? दरवर्षी ती म्हणायची, "मले नेजो ना रे," आणि दरवर्षी धनीराम म्हणायचा, "पुढच्या साली." आता संस्थेनं दुसऱ्याकडून जुनी का होईना, पण इंजिनाची, बाकं असलेली, वर छत असलेली बोट आणली होती. गिरजाबाईचे गुडघे पार गेलेले. यंदा धनीराम स्वतःच म्हणाला, "माय, या मंडईले तू येशील." त्या दिवसापासून म्हातारीनं नवं लुगडं उशाशी काढून ठेवलं होतं.

आणि ऐन वेळी बोटीत धूर भरायला लागला.

"डोळे उघडवत नाई गा," धनीराम धापा टाकत शेडमध्ये येऊन म्हणाला. "मंडई परवावर आली. माय बसन का अशा धुरात? तिले दम्याचा तरास."

जागेश्वर त्याच्याबरोबर काठावर गेला, इंजिनाच्या पेटीत डोकं घालून त्यानं पाहिलं आणि तो हसला. "अरे, हात्तिच्या! सायलेन्सरच्या बेंडाचं पॅकिंग जळलं. चार नट खोलाचे, पॅकिंग बदलवाचं, झालं. तू कायले एवढा घाबरून राहिला?"

बेंड म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा वाकडा तुकडा. त्याच्या जाड चकतीत चार स्टड बसवलेले, म्हणजे दोन्हीकडे चुडी असलेल्या सळ्या, आणि त्यांच्यावर चार नट. सगळंच्या सगळं स्टेनलेस स्टीलचं. पाण्यात राहूनही गंजाचा ठिपका नाही. जागेश्वरला ते फार आवडलं. गंजच नाही म्हणजे नट कसा लोण्यासारखा सुटेल, असं त्याला वाटलं.

इथंच गाडी चुकली. त्याचा सारा जन्म गेला लोखंडात. लोखंडाचं शास्त्र त्याचं एकच होतं, तापव आणि फिरव. नट लाल होईपर्यंत तापवला की लोखंड ऐकतं. तेच त्यानं इथं केलं. दोन नट निघाले, पण किंचाळत निघाले. जागेश्वरच्या कानाला तो आवाज बरा नाही वाटला, तरी हात थांबला नाही. तिसरा नट अर्धा वेढा फिरला आणि रुतून बसला. जागेश्वरनं पान्याला लांब पाइप लावला, पाय रोवले आणि जोर केला.

कट्.

स्टड चकतीच्या बरोबरीनं तुटला होता. पकडायला जागाच नाही. चौथा नट निघाला तो आपल्याबरोबर स्टडची अर्धी चुडी खरवडून घेऊन निघाला. जागेश्वर तुटक्या जागेकडे बघतच राहिला. दुसऱ्यांनी तोडलेले स्टड त्यानं पोत्यानं काढले असतील, पण स्वतःच्या हातानं तोडलेला हा पहिलाच.

"काय झालं?" धनीराम म्हणाला.

"काई नाई. बेंड दुकानात नेतो."

दुकानात त्यानं तुटलेल्या स्टडात ड्रिल लावलं. लोखंडात कसं भराभर छिद्र पडत जातं! इथं ड्रिल नुसतंच फिरत राहिलं, आणि स्टडाचं तोंड आरशासारखं चमकायला लागलं. जोर केला तर ड्रिलचीच धार गेली. दुसरं लावलं, तेही तसंच. जितकं घासावं तितकं ते मेलं कडक होत चाललेलं. शेवटी जागेश्वरनं मशीन बंद केली आणि त्या बेंडाला एक सणसणीत शिवी घातली. असला बेंड भंडाऱ्यात मिळणार नव्हता, नागपुरातही एका दिवसात मिळेल असं कोणी फोनवर कबूल करेना.

त्याच संध्याकाळी काठी टेकत गिरजाबाई दुकानात आली. नातीला, डिंपलला, सोबत घेऊन ती बाजारात नारळ आणि मातामायचा खण घ्यायला आली होती.

"जागेश्वर, कवा निंगाचं रे परवा? उन्हाच्या आधी का मंग?"

जागेश्वर उगाच लेथ पुसायला लागला. लहानपणी शाळेतून तो धनीरामबरोबर तिच्याच घरी जायचा आणि तिच्या हातचे भात-मासे खायचा. तिच्या दोन लेकरांत तिसरं ताट जागेश्वरचं असायचं.

"सांगतो मावशी," तो कसाबसा म्हणाला.

"सांगाचं काय त्यात? धन्या म्हणे धूर निंगते, मी म्हणलो, जागेश्वरनं हात लावला म्हन्जे झालंच." खण पिशवीत नीट दाबून ती डिंपलच्या आधारानं निघून गेली. जागेश्वरला वाटलं, तिनं दोन कानाखाली ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी त्यानं ताटावर बसून भाकरीचे नुसते तुकडे केले. कौशल्याबाईंनी पाहिलं. हा माणूस जेवत नाही म्हणजे एक तर ताप आहे, नाही तर लेथ बिघडला. त्यांनी सगळं त्याच्या तोंडून काढून घेतलं.

"मंग साकोलीले जाऊ ना. रिताजवळ."

"कोण रिता?"

"कोण म्हणता? जिनं माह्या गुंडाची बूड जोडली ते!"

हे नाव काढायचं नव्हतं खरं तर. झालं होतं असं की कौशल्याबाईंच्या स्टीलच्या गुंडाला, म्हणजे पाण्याच्या घागरीला, खाली चीर गेली होती. जागेश्वरनं ती जोडायला म्हणून घेतली आणि छिद्र दुप्पट केलं. बाईंनी मुकाट्यानं गुंड साकोलीला नेला आणि तिथून ठणठणीत जोडून आणला. त्यावरून जागेश्वर फुगून बसला होता. त्या गुंडातलं पाणीसुद्धा तो पीत नसे, माठातलं घ्यायचा.

"गुंड अन् सायलेन्सर एकच होते का?" तो म्हणाला.

"स्टील तं एकच हाय ना!" कौशल्याबाई म्हणाल्या. "टीनाचे बाबा, रुसाचं असन तं मंडईनंतर रुसा. म्हातारी काय तुमच्या रुसव्यासाठी थांबून राहील का?"

सकाळी जागेश्वरनं मोटरसायकल काढली. बेंड जुन्या लुगड्यात गुंडाळून, लेकरू घ्यावं तसा मांडीवर घेऊन कौशल्याबाई मागं बसल्या. वाटेत लोक विचारायचे, "काय नेऊन राहिले वहिनी?" तर त्या नवऱ्याच्या पाठीकडे बोट दाखवत म्हणायच्या, "यायचा राग."

रिताचं दुकान साकोलीत हायवेच्या कडेला. ती आणि तिचा नवरा प्रफुल्ल हॉटेलांचे स्टीलचे ओटे, लग्नाच्या जेवणाची मोठाली भांडी, देवळांचे कठडे असं सगळं करतात. मोजमाप आणि गिऱ्हाईक प्रफुल्लकडे, अर्गनचं वेल्डिंग रिताकडे. ओढणी डोक्याला घट्ट बांधून ती एका ओट्याला टाके मारत होती. तिनं तोंडावरची काच वर केली, बेंड हातात घेतला, फिरवून पाहिला.

"काका, तापवून फिरवलं ना?"

"हो."

"अन् मंग ड्रिल मारलं."

रिता हसली, पण त्या हसण्यात टोचणी नव्हती. "मी पण पयल्यांदा असंच केलं होतं. इश्वरदादाचं आइस्क्रीमचं मशीन. दोन स्टड तोडले बावा, लय रडलो होतो मी. स्टीलले स्टील चिपकते काका. गरम असतानी फिरवलं तं एकमेकाचं मासच खाते."

"मंग तापवाचंच नाई?"

"तापवाचं. पण तापवून सोडून द्याचं. फिरवाचं थंड झाल्यावर."

तापव आणि सोडून दे! जागेश्वरनं हे मनात दोनदा घोळवलं. इतकी वर्षं हातांना जे वळण लागलं होतं, त्याच्या हे अगदी उलट होतं.

रितानं तुटलेल्या स्टडावर एक नट ठेवला आणि नटाच्या भोकातून आत वेल्डिंगचा थेंब सोडत नट स्टडालाच जोडून टाकला. आता पान्यानं धरायला डोकं तयार झालं. जागेश्वरचा हात लगेच पान्याकडे गेला.

"काका!" रिता ओरडली. "आधी चहा."

गरमगरम चहा समोर, त्याच्याहून गरम बेंड शेजारी, आणि मधे चुळबुळणारा जागेश्वर. कौशल्याबाईंना फार मजा वाटत होती. बेंड कोमट झाल्यावर रितानं मेणबत्ती घेऊन चुडीच्या कडेनं मेण वितळून आत शिरू दिलं. मग म्हणाली, "आता तुमी करा. तुमचा हात माह्याहून हलका असन. थोडं पुढं, थोडं मागं. अडलं का मागं या."

पहिल्यांदा वेल्डिंगच निसटलं आणि नट हातात आला. जागेश्वरचं तोंड उतरलं. रितानं दुसरा नट ठेवून पुन्हा जोडला, पुन्हा चहा झाला. या वेळी जागेश्वरनं श्वास धरून पाना लावला. पुढे केसभर, मागे केसभर. पुन्हा पुढे. कुठंतरी आत, बोटांनाच कळेल इतकं, काहीतरी हललं. तो मागे आला, मेण पाजलं, पुन्हा पुढे गेला. आणि बघता बघता तो अडेलतट्टू स्टड शहाण्यासारखा फिरत फिरत बाहेर आला.

"निंगाला वो!" जागेश्वर ओरडला. हायवेवरच्या ट्रकच्या आवाजातही ते पलीकडच्या पानठेल्यापर्यंत गेलं. "निंगाला! टीनाची माय, निंगाला!"

तो खरवडलेला चौथा स्टड राहिला होता. रिता म्हणाली, तोही काढून टाकू. पण जागेश्वर म्हणाला, थांब. तिकोनी कानस घेऊन तो ओट्याच्या कडेला बसला, चष्मा कपाळावरून नाकावर आला, आणि तो एकेक चुडी हातानं मोकळी करायला लागला. खालच्या चांगल्या चुडीत कानस टेकवायची, तिच्या रेषेत वर यायचं, दबलेला कीस काढायचा, फुंकायचं. प्रफुल्ल आपलं मोजमाप सोडून बघायला आला. रितानं वेल्डिंग थांबवलं. जागेश्वरला कोणी बघतंय याचं भानही नव्हतं. काल दुपारपासून छातीवर बसलेला दगड कुठल्या कुठे गेला होता. कानस चालत होती आणि तो स्वतःशीच दंडारीतलं काहीतरी गुणगुणत होता. शेवटी त्यानं नट बोटानं लावला. तो बोटानंच तळापर्यंत गेला.

"हे मले शिकवा काका," रिता म्हणाली.

"ये ना कोंढ्याले. जेवाले ये," जागेश्वर म्हणाला. "मी तुले कानस शिकवतो, तू मले थांबाचं शिकव."

निघताना तिनं बजावलं, "आता स्टीलचे नट लावू नोका. पितळेचे लावा. पितळ नरम, स्टीलले चिपकत नाई." पितळ जागेश्वरकडे होतंच. घरी आल्या आल्या त्यानं जुन्या पंपाचा पितळी तुकडा लेथवर चढवला, नवे नट कातले, तुटलेल्या स्टडाच्या जागी नवा स्टड केला. दिवस मावळायच्या आत नवं पॅकिंग घालून बेंड बोटीवर चढला. धनीरामनं इंजिन सुरू केलं. धूर गेला तो सरळ मागून बाहेर, पेटीत एक फुंकरसुद्धा नाही. काठावरचे लोक म्हणाले, "वा रे चुडीवाले!"

"साकोलीची रिता," जागेश्वर म्हणाला. "तोडला मी, काढला तिनं." आणि घरी जाऊन गुंडातलं पाणी तांब्याभर प्यायला.

मंडईच्या सकाळी बोट निघाली. गिरजाबाई नव्या लुगड्यात मधल्या बाकावर, एका बाजूला डिंपल, दुसऱ्या बाजूला कौशल्याबाई, पुढे पूजेवाले, मागे सुकाणूवर धनीराम. जागेश्वर इंजिनाच्या पेटीशी बसला होता. दर थोड्या वेळानं तो वाकून नटांकडे बघे आणि समाधानानं मान हलवे. पाणी निवांत होतं. मधूनमधून वाळलेल्या झाडांचे शेंडे पाण्याबाहेर उभे होते, आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसले होते.

गिरजाबाई त्या शेंड्यांकडे बघत होती. एक शेंडा मागे गेला, दुसरा गेला. पाण्यातून दोन फांद्या वर आलेलं एक झाड जवळ आलं, तशी ती एकदम म्हणाली, "थांब. इंजिन बंद कर."

"काहून वो माय? मातामाय पुढं हाय अजून."

"बंद कर ना बावा."

धनीरामचा हात चावीवर जाऊन थांबला. कालच सुधारलेलं इंजिन, भर पाण्यात बंद केलं आणि पुन्हा लागलंच नाही तर? त्यानं जागेश्वरकडे पाहिलं.

"कर बंद," जागेश्वर म्हणाला. "होते सुरू."

इंजिन थांबलं. एवढा वेळ भरून राहिलेला आवाज गेला आणि पाणी बोटीच्या फळ्यांना लागत होतं तेवढं ऐकू यायला लागलं. गिरजाबाई बाकाच्या कडेला सरकली. कौशल्याबाईंनी तिला कमरेला धरलं. म्हातारी वाकली, ओंजळभर पाणी घेतलं आणि त्याच पाण्यावर शिंपडलं. पुन्हा घेतलं, जरा डावीकडे शिंपडलं. मग उजवीकडे. हाताला जुनी सवय होती. कुठं दार होतं, कुठं गोठा, कुठवर पाणी पोचवायचं, सगळं हाताला ठाऊक होतं.

"आजी, काय करून राहिली?" डिंपलनं विचारलं.

"सडा टाकून राहिलो," गिरजाबाई म्हणाली. "आंगन हाय ना आपलं हे. सणाचा दिवस. सडा नाई टाकला तं कसं दिसन?"

धनीराम मान खाली घालून बसला. पुढचे पूजेवाले मागे वळले नाहीत. जागेश्वरनं बोटीच्या कडेवरून खाली पाहिलं. हिरवट पाण्याखाली काही म्हणता काही दिसत नव्हतं, तरी तो बघत राहिला. तिथंच कुठंतरी बसून तो जेवला होता.

म्हातारीनं शेवटची ओंजळ टाकली, हात पदराला पुसला, आणि सरळ बसली.

"चाल आता," ती म्हणाली. "कर सुरू."

धनीरामनं या वेळी जागेश्वरकडे पाहिलं नाही. त्यानं चावी फिरवली आणि इंजिन लागलं.